ऑफरोडसाठी बदललेली गाडी रस्त्यावर कायदेशीर ठेवायची, तर बदल कुठे थांबवावेत?

आडवाट

माझी गाडी लॅडर चासीची, म्हणजे शिडीसारख्या लोखंडी सांगाड्यावर बसवलेली आहे. तिला पुढे आणि मागे सॉलिड ॲक्सल (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा एकसंध आस) आहेत, फोर व्हील ड्राइव्ह गरजेपुरता जोडता येतो आणि टायर २४५/७५ आर १६ या मापाचे (रुंदी मिलिमीटरमध्ये, बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत) आहेत. कामावर जाणे, घरच्यांना घेऊन लांबचा प्रवास करणे आणि सुट्टीच्या दिवशी दगडांच्या, चिखलाच्या वाटेला लागणे ही तिन्ही कामे हीच एक गाडी करते आणि पुढेही तिनेच करायची आहेत. खडकाळ वाटेवर डिफरन्शियलचा गोळा (ॲक्सलच्या मधली गिअरची पेटी) वरचेवर दगडाला लागतो आणि खोल चाकोरीत गाडीचे पोट टेकते, म्हणून २८५/७५ आर १६ चे टायर, दोन इंचांची लिफ्ट (उंच स्प्रिंग लावून गाडी वर उचलणे), लोखंडी बंपर, विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारी दोराची चरखी) आणि स्नॉर्केल (इंजिनला वरून हवा देणारी नळी) अशी यादी मनात तयार झाली आहे.

गॅरेजमध्ये विचारले की "सगळेच लावतात, काही होत नाही" हे एकच उत्तर मिळते. मला ते पुरेसे वाटत नाही. तपासणीत अडकणार नाही, अपघात झाल्यास विमा कंपनीला बोट ठेवायला जागा मिळणार नाही आणि तरीही वाटेवर उपयोग होईल, अशी मर्यादा कुठे आखावी? इथले सभासद वेगवेगळ्या देशांत राहतात, त्यामुळे नियमांचे तपशील वेगळे असणार हे मान्य आहे. मला त्यामागचा विचार समजून घ्यायचा आहे.

चिखलगाडा

"सगळेच लावतात" हे कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमात येते ते कुणाला सापडले तर मलाही कळवावे, कारण माझी निम्मी गाडी त्याच कलमावर उभी आहे. बाकी जाणकारांच्या प्रतीक्षेत; वाचनखूण साठवली आहे.

कलम_बावन्न

माझे सभासदनाम पाहता मी गप्प बसणे शक्य नाही. भारतापुरते बोलायचे तर मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ असे सांगते की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल मालकाने करू नये. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात, गाडीच्या रचनेतल्या ज्या बदलामुळे तिचे मूलभूत वैशिष्ट्य बदलते त्याला 'बदल' म्हटले आहे, आणि मूलभूत वैशिष्ट्य कशाला म्हणायचे यावर बराच काळ खल झाला. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या प्रकरणात हे कलम कडकपणे वाचले आणि उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल चालणार नाही असे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ अ आले. त्यातल्या चौथ्या पोटकलमाप्रमाणे परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. "प्रत्येक बदलामागे" हे शब्द आडवाट यांनी आपल्या यादीशेजारी ठेवून वाचावेत.

लोखंडी बंपर आणि बुलबार यांच्याबद्दल तर केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना पत्र पाठवले होते आणि असे अनधिकृत गार्ड कलम ५२ चा भंग करतात असे त्यात स्पष्ट म्हटले होते.

चिखलगाडा

पाच हजार गुणिले माझे बदल हा हिशेब मी घरी मांडणार नाही.

पानापकड

कायद्याचे कलम_बावन्न यांनी सांगितलेच आहे, मी गाडीखाली झोपून जे दिसते ते सांगतो. तुमच्या दोन तक्रारी वेगवेगळ्या आहेत आणि त्यांवर एकच उपाय नाही. सॉलिड ॲक्सलच्या गाडीत स्प्रिंग कितीही उंच बसवल्या तरी डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून एक मिलिमीटरही वर जात नाही, कारण तो ॲक्सलमध्येच असतो आणि ॲक्सल चाकांवर असतो. त्याला वर नेतो तो फक्त मोठा टायर, आणि तोसुद्धा व्यासातल्या वाढीच्या निम्म्यानेच. लिफ्टमुळे चासी, बंपर आणि गाडीचे पोट वर जाते, म्हणजे चढाच्या तोंडाशी नाक न टेकण्याचा कोन आणि उंचवट्यावर पोट न टेकण्याचा कोन वाढतो. गोळा दगडाला लागतो म्हणून लिफ्ट घेणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांचा गोळा अजून लागतोच.

त्यामुळे आधी टायर किती मोठा हवा ते ठरवा. स्टीअरिंग पूर्ण वळवून आणि सस्पेन्शन पूर्ण दाबून तो टायर मडगार्डच्या आतल्या बाजूला, चासीला किंवा ब्रेक होजला घासू नये एवढ्यापुरतीच लिफ्ट घ्या. उलट क्रमाने गेलात, तर रिकामी दिसणारी कमान भरून काढण्यासाठी टायर मोठा होत जातो आणि मग बाकी सगळे त्याच्यामागे ओढले जाते.

गणिती

पानापकड यांच्या मुद्द्याला आकडे जोडतो. २४५/७५ आर १६ चा व्यास साधारण ७७४ मिलिमीटर, २६५/७५ चा ८०४ आणि २८५/७५ चा ८३४. म्हणजे तुमच्या मनातल्या टायरने व्यास ६० मिलिमीटरने वाढेल आणि गोळा ३० मिलिमीटरने वर जाईल. मधल्या मापाने गोळा १५ मिलिमीटरने वर जाईल.

आता याची किंमत पाहा. ८३४ चा टायर एका फेऱ्यात मूळ टायरपेक्षा पावणेआठ टक्के जास्त अंतर कापतो. स्पीडोमीटरला याची कल्पना नसल्यामुळे काटा ८० वर असताना गाडी ८६ च्या वेगाने जात असते. (मूळ काटा अगदी अचूक आहे असे धरले आहे.) संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीतला ३९ क्रमांकाचा नियम सांगतो की काट्याने दाखवलेला वेग खऱ्या वेगापेक्षा कधीही कमी असता कामा नये, जास्त दाखवला तर ठरावीक मर्यादेपर्यंत चालतो. म्हणूनच कारखान्यातून येणारे काटे बहुधा थोडे पुढे धावतात, आणि २६५ च्या टायरची जवळपास चार टक्क्यांची वाढ त्या फरकात कधी कधी सामावून जाते. २८५ मध्ये ती सामावण्याची शक्यता फार कमी, त्यामुळे काटा नव्याने जुळवून घ्यावा लागतो.

हाच पावणेआठ टक्क्यांचा गुणक ब्रेकलाही लागतो. पेडलवर तेवढाच पाय दिला तर डिस्कवर तेवढेच बल येते, पण चाकाची त्रिज्या वाढल्यामुळे रस्त्यावर पोचणारे बल सुमारे सात टक्क्यांनी घटते. शिवाय मोठा टायर जड असतो आणि त्याचे वजन काठाकडे असते, म्हणून फिरते चाक थांबवायलाही अधिक काम पडते.

सरळमार्गी

मला हा सगळा खटाटोपच पटत नाही. रस्त्यावर चालणारी गाडी रस्त्यासाठी मंजूर झालेली असते आणि तिच्यावर दुसऱ्यांचा जीव अवलंबून असतो. ज्यांना खडकांवर चढायचे आहे त्यांनी वेगळी गाडी बांधावी, ती ट्रेलरवर घालून वाटेच्या तोंडापर्यंत न्यावी आणि तिथे हवे ते करावे. एकाच गाडीने दोन्ही कामे करायचा हट्ट धरला की गाडी दोन्हीकडे अर्धवट ठरते.

पानापकड

सरळमार्गी, चाळीस इंची टायर आणि कापलेली चासी असलेल्या गाडीबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरे आहे. तशी गाडी ट्रेलरवरच शोभते. पण आडवाट यांचा प्रश्न त्या टोकाचा नाही. शिवाय ट्रेलरवर नेलेली गाडीसुद्धा मधला सार्वजनिक रस्ता ओलांडायला किंवा दोन वाटांच्या मधल्या डांबरावर उतरवली की नोंदणीचा प्रश्न तसाच समोर येतो. पुष्कळ जंगलवाटांना कायद्याने सार्वजनिक रस्त्याचाच दर्जा असतो, आणि तिथे "मी तर ऑफरोड होतो" हा बचाव चालत नाही.

उत्तरध्रुव

मी जर्मनीत असतो. आडवाट यांनी नियमांमागचा विचार विचारला आहे, तर इथला कायदा तो फार स्पष्टपणे मांडतो असे मला वाटते. वाहन परवाना नियमावलीच्या १९ व्या परिच्छेदाप्रमाणे गाडीचा चालवण्याचा परवाना तीन कारणांनी आपोआप संपतो. पहिले म्हणजे बदलामुळे गाडीचा मंजूर प्रकारच बदलला. दुसरे, रस्त्यावरच्या इतरांना धोका होण्याची शक्यता निर्माण झाली. तिसरे, धूर किंवा आवाज वाढला. यांपैकी काहीच घडत नसेल, तर बदलाला कायद्याची हरकत नाही.

प्रत्यक्षात हे कागदांवर चालते. काही सुट्या भागांना स्वतःचा सर्वसाधारण परवाना असतो आणि तो कागद गाडीत ठेवला की पुरते. काहींसोबत चाचणी अहवाल येतो. तो घेऊन, भाग बसवल्यानंतर लगेच ट्यूफ किंवा डेक्रासारख्या संस्थेच्या तपासनिसाकडे जावे लागते. ज्याला यांतला कोणताच कागद नाही, त्याची एकेका गाडीपुरती वेगळी मंजुरी घ्यावी लागते आणि ती वेळखाऊ असते. म्हणून इथले अनुभवी लोक किट निवडताना आधी कागद पाहतात आणि मग स्प्रिंग. उलट केले की सुंदर, महागडी आणि रस्त्यावर न चालणारी वस्तू हाती राहते.

कलम_बावन्न

उत्तरध्रुव यांचा प्रतिसाद वाचून हेवा वाटला. कायदा कडक असण्याला माझी हरकत नाही, पण मंजुरी मिळवण्याचा सरळ मार्गही त्यासोबत असावा. जिथे तो मार्ग अरुंद आहे तिथे मालकाने उत्पादकाने स्वतः मान्य केलेल्या पर्यायांतच राहणे शहाणपणाचे ठरते. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांना कंपनी वेगवेगळ्या मापाचे टायर देते, त्यांतले सर्वांत मोठे माप आपल्या आवृत्तीला मान्य आहे का हे माहितीपुस्तिकेत आणि दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर पाहावे, आणि तिथून पुढे बोलावे.

दक्षिणतारा

ऑस्ट्रेलियात मधला मार्ग आहे. व्हीएसबी १४ या नावाची राष्ट्रीय संहिता आहे आणि तिच्यात ऑफरोड प्रकारात नोंदलेल्या गाड्यांसाठी टायरचा व्यास उत्पादकाच्या सर्वांत मोठ्या मापापेक्षा ५० मिलिमीटरपर्यंत वाढवण्याची मुभा आहे. ती साध्या मोटारींना मिळणाऱ्या मुभेपेक्षा बरीच जास्त आहे. गणिती यांच्या हिशेबाने आडवाट यांचा ६० मिलिमीटरचा टायर या रेषेच्या पलीकडे पडतो आणि ३० मिलिमीटरचा अलीकडे. उंची एका मर्यादेपलीकडे वाढली की इंजिनिअरचे प्रमाणपत्र लागते. इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी घसरू लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा) असलेली गाडी असेल तर उंची बदलल्यावरही ती यंत्रणा नीट काम करते हे दाखवण्यासाठी वेगात लेन बदलून पाहण्याच्या चाचणीपर्यंत गोष्ट जाऊ शकते. राज्याराज्यांत फरक आहेत, त्यामुळे सीमा ओलांडली की तीच गाडी वेगळ्या नजरेने पाहिली जाते.

चिखलगाडा

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाने तर डिसेंबर २०२१ पासून गाडीचे नाक चार इंच किंवा त्याहून जास्त वर आणि शेपूट खाली ठेवायला बंदी केली आहे. अशा ट्रकच्या चालकाला समोरचा रस्ता दिसत नाही आणि हेडलाइट आकाशात जातात. तारांगण पाहायला उत्तम, असे एक सभासद म्हणून माझे मत आहे.

घेरमाप

चिखलगाडा यांनी गमतीत हेडलाइटचा मुद्दा काढला, पण लिफ्टनंतर सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते त्याकडेच. डिपर साधारणपणे एक ते दीड टक्का खाली झुकलेला ठेवतात. म्हणजे दहा मीटर अंतरावरच्या भिंतीवर प्रकाशाची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा दहा ते पंधरा सेंटिमीटर खाली दिसली पाहिजे. नव्या स्प्रिंगांनी गाडीचा पुढचा भाग मागच्यापेक्षा थोडा जास्त उचलला तरी हा झुकाव संपतो, आणि समोरच्या चालकाच्या डोळ्यांत थेट प्रकाश जातो. सपाट जागा, भिंत, खडू आणि स्क्रूड्रायव्हर एवढ्यावर हे काम होते. तरीही ते न करता रस्त्यावर आलेल्या उंच गाड्या रोज समोरून येतात आणि आपण त्यांना मनातल्या मनात आशीर्वाद देतो.

छतावरच्या लांब एलईडी पट्ट्यांबद्दल वेगळे सांगायला नको. त्या वाटेवर उपयोगी आहेत, पण सार्वजनिक रस्त्यावर त्यांना झाकण हवे आणि डिपर चालू असताना त्या लागूच नयेत अशी जोडणी हवी.

पानापकड

लिफ्टनंतर दुर्लक्षित राहणाऱ्या आणखी काही गोष्टी सांगतो, कारण तपासणीत आणि अपघातात दोन्हीकडे त्याच उघड्या पडतात.

पुढच्या सॉलिड ॲक्सलला आर्म (त्याला चासीशी जोडणाऱ्या दांड्या) असतील तर गाडी वर गेली की ॲक्सल किंचित फिरतो आणि कॅस्टरचा कोन, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळते त्याचा मागचा कल, कमी होतो. मग वळणानंतर स्टीअरिंग आपणहून सरळ होत नाही आणि सरळ रस्त्यावर गाडी भरकटते. त्यासाठी कॅस्टर दुरुस्त करणारे बुश किंवा वेगळे ब्रॅकेट लागतात. पॅनहार्ड रॉड (ॲक्सलला आडवे सरकू न देणारी दांडी) मूळ लांबीचाच राहिला तर ॲक्सल एका बाजूला सरकतो. मागून पाहिल्यावर एक टायर मडगार्डच्या बाहेर आणि दुसरा आत दिसू लागतो, आणि बाहेर डोकावणारा टायर बहुतेक देशांत दोष धरला जातो. प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढून थरथर सुरू होते. ब्रेकचे होज आणि एबीएसच्या तारा चाक पूर्ण खाली लटकल्यावर ताणल्या जातात. हे जमिनीवर उभ्या गाडीत कधीच दिसत नाही. ॲक्सल मोकळा सोडून जॅकवर पाहावे लागते.

आता एक गोष्ट जरा सविस्तर. पुष्कळ जुन्या पिकअप आणि एसयूव्हींमध्ये मागच्या ॲक्सलपासून चासीवरच्या एका छोट्या व्हॉल्व्हपर्यंत बारीक दांडी गेलेली असते. माल भरला की चासी खाली येते, दांडी व्हॉल्व्ह फिरवते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. गाडी रिकामी असेल तर चासी वर असते आणि मागची चाके अडकून सरकू नयेत म्हणून दाब कमी केला जातो. तुम्ही दोन इंचांची लिफ्ट बसवली की त्या बिचाऱ्या व्हॉल्व्हची समजूत होते की गाडी कायमची रिकामी आहे. घरचे सगळे, सामान आणि पाण्याचे कॅन भरून तुम्ही उतरणीला लागता तेव्हा मागचे ब्रेक अर्ध्या मनाने काम करत असतात. दांडीची लांबी किंवा तिचे ब्रॅकेट लिफ्टइतके बदलले की प्रश्न मिटतो, पण किटसोबत ते ब्रॅकेट अनेकदा येत नाही. तुमच्या गाडीत हा व्हॉल्व्ह असेल तर आधी त्याचे बोला.

आडवाट

पानापकड, तुमचा प्रतिसाद वाचून गाडीखाली जाऊन पाहिले. दांडी आहे. गॅरेजमध्ये याचा उल्लेख कुणीही केला नव्हता.

गणिती

उलटण्याच्या धोक्याचाही आकडा मांडून ठेवतो. दोन चाकांमधल्या रुंदीला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागले की स्थिर स्थैर्याचा गुणक मिळतो, आणि अमेरिकेची महामार्ग सुरक्षा संस्था उलटण्याच्या मानांकनात हाच गुणक वापरते. रुंदी १५२० आणि गुरुत्वमध्य ७२० मिलिमीटरवर असेल तर गुणक १.०६ येतो. टायरने ३० आणि स्प्रिंगने ५० मिलिमीटर वाढवले की उंची ८०० होते आणि गुणक ०.९५ वर येतो. त्यावर छताच्या कॅरिअरवर जास्तीचे चाक, जॅक आणि तंबू चढवला की तो आणखी घसरतो.

घेरमाप

गणिती, एक दुरुस्ती सुचवतो. स्प्रिंगच्या लिफ्टने ॲक्सल आणि चाके वर जात नाहीत आणि सॉलिड ॲक्सलच्या गाडीत त्यांचे वजन थोडेथोडके नसते, त्यामुळे गुरुत्वमध्य पूर्ण ५० ने नव्हे तर त्याहून काहीसा कमी वाढेल. निष्कर्ष मात्र बदलत नाही. काही जण चाकांना स्पेसर लावून रुंदी वाढवतात आणि गुणक परत मिळवल्याचे समाधान मानतात. पण त्याने हबच्या बेअरिंगवरचा भार वाढतो, स्टीअरिंगचा स्वभाव बदलतो, टायर मडगार्डबाहेर येतो आणि कित्येक ठिकाणी स्पेसरच बेकायदा असतात.

दोरखंड

थोडे विषयांतर वाटेल, पण यादीत विंच आहे म्हणून लिहितो. विंच येण्याआधी गाडीला पुढे आणि मागे चासीला घट्ट बसवलेले, भाराचे मानांकन असलेले ओढण्याचे हूक हवेत. त्यांना बहुतेक ठिकाणी कायद्याची अडचण येत नाही. ट्रेलर जोडायच्या गोल बॉलला पट्टा अडकवून झटक्याने गाडी ओढणे ही जगभर माणसे मारणारी सवय आहे. तो बॉल ट्रेलरच्या संथ ओढीसाठी बनवलेला असतो. ताणलेल्या पट्ट्याच्या झटक्याने तुटला तर गोळीसारखा काचेतून आत येतो. विंचबद्दल एवढेच, की त्याच्यासाठी लोखंडी बंपर लागतो, बंपरसाठी पुढच्या स्प्रिंग कडक कराव्या लागतात, एअरबॅगच्या सेन्सरचे गणित बिघडू शकते, पादचाऱ्याला लागणारा मार वाढतो, आणि नंबर प्लेट झाकली गेली तर पहिल्याच चौकात थांबवले जाते. युरोपात अशा पुढच्या संरक्षक बारना पादचारी सुरक्षेची वेगळी मंजुरी लागते. एकट्याने जात नसाल आणि सोबतच्या गाडीला विंच असेल, तर हूक, चांगला पट्टा, शॅकल (जोडकडी) आणि फावडे यांवर बरेच काम भागते.

सरळमार्गी

दोरखंड यांच्याशी माझे प्रथमच एकमत होत आहे, याची नोंद घ्यावी. आणि स्नॉर्केल?

दोरखंड

नोंद घेतली. स्नॉर्केल इंजिनची हवा वरून घेतो, म्हणून पाणी सिलिंडरमध्ये जाऊन कनेक्टिंग रॉड वाकण्याचा धोका कमी होतो, पण बाकीची गाडी तशीच बुडते. तापलेला डिफरन्शियल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि तो सीलमधून पाणी आत ओढतो. त्याचे ब्रीदर (हवा आत-बाहेर जाण्याची तोंडे) नळीने वर नेले नसतील तर स्नॉर्केल असूनही गिअरतेलाचा दुधी चहा होतो. ब्रीदर वर नेणे बाहेरून दिसतही नाही आणि कुणाचा आक्षेपही येत नाही. उत्पादकाने सांगितलेल्या पाण्याच्या खोलीपलीकडे जायचेच नसेल, तर स्नॉर्केलची गरज धुळीपुरती उरते.

बिलायती

ब्रिटनमध्ये बरीच वर्षे मोठ्या बदलांसाठी गुणांची पद्धत होती. मूळ, न बदललेल्या चासीला पाच गुण, सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स आणि स्टीअरिंग यांना प्रत्येकी दोन, आणि इंजिनला फक्त एक. गाडीची मूळ ओळख टिकवायला आठ गुण लागत. चासी कापली की पाच गुण गेले आणि गाडी वेगळ्या मंजुरीच्या चक्रात अडकली. मला या पद्धतीतले तारतम्य आवडते. लोक इंजिनचीच चर्चा करतात, पण कायद्याला गाडीची ओळख तिच्या सांगाड्यात आणि चाकांना धरून ठेवणाऱ्या भागांत दिसते.

विम्याबद्दलही एक सांगतो. तपासणीत उत्तीर्ण होणे आणि विमा वैध असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पूर्णपणे कायदेशीर बदलसुद्धा कंपनीला लेखी कळवला नसेल तर दाव्याच्या वेळी तो लपवलेला बदल ठरतो. माझ्या एका मित्राचा दावा अशाच कारणाने अडकला, आणि त्याच्या गाडीवर फक्त छताचे कॅरिअर आणि वेगळी चाके होती. फोनवर सांगू नका, ईमेल पाठवा आणि उत्तर जपून ठेवा.

आडवाट

सर्वांचे मनापासून आभार. आता माझ्या यादीची काटछाट करतो, चूक दिसली तर सांगा.

टायर २६५/७५ आर १६, तोसुद्धा माझ्या गाडीच्या दुसऱ्या आवृत्तीला उत्पादकाने हेच माप दिले असल्यामुळे. लिफ्ट सध्या रद्द. थकलेल्या स्प्रिंगांच्या जागी मूळ उंचीच्या पण थोड्या कडक स्प्रिंग. डिफरन्शियल आणि इंधनटाकीखाली जाड पत्र्याचे संरक्षण, जेणेकरून गोळा लागला तरी घसरून पुढे जाईल. बंपर आणि विंच रद्द, मागे-पुढे मानांकित हूक. स्नॉर्केल रद्द, ब्रीदर वर. वाचलेल्या पैशांतून मागच्या ॲक्सलला लॉकर (दोन्ही चाके एकत्रच फिरवणारी कळ) घेण्याचा विचार आहे. हवा उतरवून पुन्हा भरण्यासाठी कॉम्प्रेसर आधीपासून आहे.

पानापकड

यादी आवडली. लॉकरने तुम्हाला लिफ्टपेक्षा जास्त वाटा खुल्या होतील, कारण एक चाक हवेत गेल्यावर दुसऱ्याला ओढ मिळते. गाडीची उंची, रुंदी किंवा बाहेरचे रूप त्याने बदलत नाही, तरी उत्पादकाच्या पर्यायांत नसेल तर त्याचाही कागद मागा आणि विमा कंपनीला कळवा. तो हवेवर किंवा विजेवर चालणारा, बटणाने सोडता येणारा घ्या. कायम पकडून राहणारा लॉकर ओल्या डांबरावर वळताना मागचे टोक बाहेर फेकू शकतो. तसेच तुमचा फोर व्हील ड्राइव्ह गरजेपुरता आहे, तेव्हा कोरड्या डांबरावर तो जोडून वळू नका. पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या फेऱ्यांतला फरक जायला जागा नसते आणि तो ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना शक्ती वाटणाऱ्या पेटीवर, साठतो. संरक्षक पत्र्याला तेल काढण्याच्या बुचापाशी भोक आहे ना, हे विकत घेतानाच पाहा, नाहीतर दर सर्व्हिसला मेकॅनिकची बोलणी खाल.

घेरमाप

एक राहिले. मागच्या दाराला लटकणारे जास्तीचे चाकही आता २६५ चे होणार. रुंदी वीस मिलिमीटरने आणि व्यास तीसने वाढेल, वजनही. काही गाड्यांत एवढ्या वाढीने ते मागच्या एका दिव्याची किंवा नंबर प्लेटची कड झाकते आणि दाराच्या बिजागऱ्या बसतात.

आडवाट

आत्ताच मापून आलो. दिवा मोकळा राहतो, पण नंबर प्लेटवरचा छोटा दिवा चाकाच्या सावलीत जाईल असे दिसते. प्लेट खाली सरकवता येते का?

कलम_बावन्न

प्लेट सरकवण्याआधी तिची उंची, झुकाव आणि प्रकाश यांचे तुमच्याकडचे नियम पाहा. त्यापेक्षा प्लेट जागेवर ठेवून चाकाचा ब्रॅकेटच थोडा बाजूला किंवा वर घेता आला, तर कागदावर काहीच बदलावे लागणार नाही.

घेरमाप

अनुमोदन. बहुतेक ब्रॅकेटना बोल्टची दोन-दोन भोके असतात, वरच्या भोकांत लावून पाहा. मागची काच थोडी झाकली जाईल, तेव्हा आरशातून मागचे दिसते ना ते सीटवर बसून तपासा आणि मगच बोल्ट आवळा.